फ्लॅश बंद, मग टॉर्च चालू कशी?

संग्रहालयाच्या तिकिटासोबत फोटोचं शुल्क भरलं. आता सगळ्या दालनांत फोटो काढता येतील ना?
नाही. बाहेरून मागवलेल्या प्रदर्शनाला मूळ मालकाच्या अटी लागू असतात. दारावरची पाटी वाचा किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा.

एका फ्लॅशने चित्राचा रंग उडतो, असं ऐकलंय. म्हणून मी फक्त टॉर्च लावून रील काढते.
एका फ्लॅशने रंग उडतो, ही ऐकीव गोष्ट. कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम हजारांश सेकंद टिकतो. तरी बंदी पाळायचीच, कारण इतरांचे डोळे दिपतात आणि हजार लोकांनी हजारदा तेच केलं तर हिशेब बदलतो. तुमची टॉर्च मात्र सरळसरळ चूक. प्रकाशाची हानी साठत जाते आणि ती लक्स (उजेड मोजायचं एकक) गुणिले तास अशी मोजतात. रेशमी वस्त्रं, जलरंग, लघुचित्रं ५० लक्सच्या आसपास ठेवतात. त्यातल्या सर्वांत नाजूक वस्तूंची वर्षाची मर्यादा १५,००० लक्स-तास, म्हणजे फक्त ३०० तास. दालन रोज आठ तास उघडं धरलं, तर ३८ दिवसांत कोटा संपतो. जुनी पैठणी वर्षभर मांडलेली दिसत नाही, ती यामुळेच. तिच्यावर वीतभर अंतरावरून टॉर्च मारली, की ५० लक्सच्या कितीतरी पट उजेड पडतो. मग गाइड तेच करतो, त्याच्यामागे अख्खा गट! उडालेला रंग कोणताही संवर्धक परत आणत नाही. एखादा तपशील दिसतच नसेल, तर अभिरक्षकांना, म्हणजे क्युरेटरना विचारा. अनेकदा चांगलं छायाचित्र त्यांच्याकडे तयार असतं.

एवढ्या कमी उजेडात फोटो हलतो.
५० लक्सला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६००, लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १/४० सेकंद पुरतं. कोपरं बरगड्यांना टेकवा; भिंतीला किंवा काचपेटीला नको, घंटा वाजेल. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिकला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि मागे सरकताना मागे काय मांडलंय, ते आधी बघा.

हुसेन यांच्या चित्राचा मी काढलेला फोटो मगवर छापून विकू का? फोटो तर माझाच आहे.
फोटो तुमचा, चित्र नव्हे. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांचा कॉपीराइट संपला. पण विक्रीसाठी फोटो वापरण्याबद्दल संग्रहालयाची स्वतंत्र अट असू शकते. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाच्या फोटोला कलम ५२ मध्ये सूट आहे, चित्राला ती नाही. छपाईआधी वकिलाला दाखवा.

प्री-वेडिंगवाला म्हणतो, संग्रहालयाची परवानगी पॅकेजमध्येच आहे.
तारीख, दालन आणि शिक्का असलेलं पत्र दाखवायला सांगा. "ओळख आहे" म्हणजे परवानगी नव्हे. पत्र नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका, कार्यालयात स्वतः अर्ज करा. तोही आदल्या दिवशी नको.