पावसाळा लागल्यापासून पॉइंट २२ पिस्तुलाची स्लाइड पूर्ण बंद होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मालवणला राहता, २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळता, मेअखेरपर्यंत पिस्तूल सुरळीत होतं आणि आता स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढून सोडली की शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उरले असता अडते. शिलाई मशीनचं तेल घातलंत, फरक नाही. कुणीतरी लाकडी हातोडीने हलकेच ठोकायला सांगितलंय आणि स्पर्धा महिन्यावर आली आहे.

ठोकू मात्र नका. पॉइंट २२ च्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत, सगळ्या गोलाईभर भरलेलं असतं. काडतूस अर्धंच आत गेलंय, कड कुठेतरी चिमटली आहे आणि वरून टोला बसला, तर स्लाइड बंद नसतानाच ते उडू शकतं. त्याची पितळी पुंगळी पातळ असते. ती फाटली की तुकडे थेट हाताकडे आणि डोळ्यांकडे येतात.

म्हणून प्रत्येक वेळी आधी नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझीन काढलेलं, आणि मग आत काडतूस आहे का ते डोळ्यांनी पाहणं. ट्रिगर दाबूनही बार झाला नसेल तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. बार नेहमीपेक्षा दबका, फुसका वाटला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नळी तपासल्याशिवाय दुसरी झाडू नका. जिवंत काडतूस अडकलं असेल तर पुढून सळई घालून ढकलू नका, रेंजवरच आर्मररच्या, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याच्या, हाती द्या.

आता तुमच्या अडचणीकडे येतो. मी रत्नागिरीचा. सरावाला आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो. काही वर्षांपूर्वी जुलैत माझ्या पिस्तुलाची स्लाइड अगदी तुमच्यासारखीच अडायला लागली. दोन रविवार मी साफसफाईत घालवले, स्प्रिंग नवी टाकली, तरी तेच. शेवटी रेंजवर दुरुस्तीची कामं बघणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, ग्रिपचा, म्हणजे लाकडी मुठीचा, स्क्रू दोन आटे सैल केला आणि स्लाइड सोडली. खट्कन बंद झाली. "मशीनला काय झालं न्हाई, लाकूड फुगलंय बघा," म्हणाले. ग्रिप काढल्यावर आतल्या बाजूला वरच्या कडेला नखाएवढा काळा, चकचकीत पट्टा दिसला. तिथे लाकूड स्लाइडला घासत होतं.

आपल्याकडे आषाढात घराची दारं फुगून चौकटीत अडकतात, तर अक्रोडाच्या ग्रिपने का फुगू नये? तुम्हीही रिकाम्या पिस्तुलाची ग्रिप पूर्ण उतरवून स्लाइड दहा-बारा वेळा चालवून बघा. मोकळी चालली तर दुखणं सापडलं. लाकडाच्या आतल्या कडेवर मऊ पेन्सिल फिरवून ग्रिप परत बसवा, स्लाइड चालवा. पेन्सिल पुसली जाईल ती जागा घासते. तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने, चार-पाच हात मारून घासा आणि पुन्हा बसवून बघा. भरपूर घासायचा मोह आवरा, कारण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि तीच ग्रिप डुगडुगायला लागते. उघड्या पडलेल्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पातळ लावून पूर्ण वाळू द्या, म्हणजे ओल कमी शिरते.

ग्रिप काढूनही अडत असेल तर चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बघा. पॉइंट २२ च्या शिशाच्या गोळीला बाहेरूनच मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. तो आणि दारूची काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला कडक कडं धरतं. टार्गेट पिस्तुलाचं चेंबर मुळात घट्ट, त्यामुळे काडतूस तिथे टेकतं आणि स्लाइड थोडक्यासाठी उघडी राहते. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग ब्राँझचा ब्रश आणि कोरडं फडकं. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालची घाण टूथपिकने काढा. चेंबरच्या तोंडाशी बारीक खळगा किंवा वर आलेला काठ दिसतोय का तेही पाहा. रिकामं पिस्तूल पुन्हा पुन्हा चालवलं की काही पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या कडेवर टोला देणारी सुई) तिथे आपटते आणि धातू आत दाबला जातो. तसं असेल तर कानस हातात घेऊ नका, परवानाधारक कारागिराचंच ते काम आहे.

तेलाने फरक पडला नाही यात नवल नाही. जुन्या काजळीवर तेल पडलं की त्याचा चिखल होतो. या पिस्तुलाची स्लाइड फक्त काडतुसाच्या मागच्या धक्क्यावर चालते आणि तो धक्का मुळातच बेताचा असतो, एवढा चिखलही तिला जड जातो. सगळं पुसून कोरडं करा आणि दोन्ही रुळांवर एकेक थेंब लावा, बस. खोबरेल तर नकोच, २४ अंशांच्या आसपास ते थिजतं.

काडतुसंही बघून घ्या. खाऱ्या दमट हवेत उघडी राहिली की शिशावर पांढरी भुकटी धरते आणि मेण चिकट होऊन धूळ पकडतं. अशी काडतुसं नीट आत बसत नाहीत. मी माझी पाकिटं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कुलुपात ठेवतो. पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदलतो.

नेमबाज राही सरनोबतने २०१८ साली इंडोनेशियातल्या पालेमबांगला आशियाई सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात, तेव्हा नियम तुम्हाला ठाऊक असतीलच, तरी स्पर्धेसाठी एक सांगतो. मालिकेच्या मध्ये पिस्तूल अडलं तर ते टार्गेटकडेच धरून मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लावू नका. त्यांनी तपासण्याआधी तुम्ही पिस्तूल उघडलंत, तर बिघाड खरा असला तरी तो ग्राह्य धरत नाहीत.