मेटामटेरियल कुठल्या दुकानात मिळतं?

प्रश्न : सर, मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एकच पॅच अँटेना (सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा) 2.45 आणि 5.8 गिगाहर्ट्‌झ अशा दोन बँडवर चालवायचा आहे. गाईड म्हणतात, मेटामटेरियल ट्रान्समिशन लाइन वापर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत चौकशी केली, तर कुणालाच ठाऊक नाही. हे मटेरियल मिळतं कुठे? आणि साध्या पॅचचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी, वापरला तर नाही का चालणार? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, लॅमिंग्टन रोडवरून ते तू आणलंही असशील! तोच हिरवा एफआर-4 सर्किट बोर्ड, तेच तांबं. नाव फसवं आहे. करामत सगळी तांबं कसं कापतो यात.

आधी हार्मोनिकचं. 1.6 मि.मी. जाडीच्या एफआर-4 वर 2.45 चा पॅच साधारण 29 मि.मी. लांब होतो. त्याचा दुसरा हार्मोनिक येतो 4.9 च्या आसपास. तुला हवेत 5.8, म्हणजे गणित तिथेच चुकलं. शिवाय त्या मोडमध्ये (कंपनाच्या त्या प्रकारात) दोन्ही कडांचं प्रारण, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहरी, समोरच्या दिशेला एकमेकांना मारतं. जिथे सिग्नल हवा, नेमका तिथेच शून्य.

आता लाइन. साध्या लाइनमध्ये इंडक्टन्स मालिकेत आणि कपॅसिटन्स जमिनीकडे, म्हणजे बोर्डच्या खालच्या ग्राउंडकडे, असतो. सिग्नल पुढे जाताना फेज (लहरीच्या चढउताराची स्थिती) मागे पडते. तू तांब्यात बारीक फट पाडलीस की मालिकेत कपॅसिटर आला. तांब्याच्या चौकोनातून ग्राउंडपर्यंत तार सोडलीस की जमिनीकडे इंडक्टर आला. मग खालच्या फ्रिक्वेन्सीला उलटंच होतं : ऊर्जा पुढेच जाते, पण फेज मागे पडण्याऐवजी पुढे सरते. असं माध्यम असू शकतं हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ वेसेलागोंनी 1967 मध्ये कागदावर मांडलं होतं. ते लाइनच्या भाषेत आणलं 2002 च्या सुमारास कॅलिफोर्नियात कालोझ आणि इतोह यांनी, टोरांटोत एलेफ्थेरियाडिस यांनी.

पॅचला अनुनादासाठी (रेझोनन्ससाठी) लागते 180 अंशांची फेज. ती मागे पडलेली असो की पुढे सरलेली, त्याला फरक पडत नाही. म्हणून असे चौकोन पॅचच्या पोटात बसवले की अधिक एक मोड (फेज मागे पडलेला) 5.8 ला आणि उणे एक मोड (फेज पुढे सरलेला) 2.45 ला बसवता येतो. दोन्हींत कडांवरचं क्षेत्र सारखंच, त्यामुळे दोन्ही समोर प्रारण करतात. दोन बँडमधलं अंतर फट आणि तार बदलून ठरवायचं, दुपटीचं बंधन नाही. पॅचही 29 मि.मी.पेक्षा लहान होतो.

फुकट मात्र काही नाही. वाय-फायला 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ लागतात, आणि उणे एक मोडचा बँड अरुंदच असतो. त्यात एफआर-4 चा लॉस. गेनचे (अँटेना एका दिशेला किती जोर देतो त्याचे) मोठे आकडे रिपोर्टमध्ये लिहू नकोस, परीक्षक विचारतील.

आमच्या लॅबमधला माझा पहिला असा अँटेना! सिम्युलेशनमध्ये सुरेख दरी, आणि व्हीएनएवर (अँटेना मोजायच्या यंत्रावर) 2.45 ला सपाट रेषा. दोन दिवस कनेक्टरला शिव्या घातल्या. शेवटी भिंग लावून पाहिलं, तर मधल्या चौकोनाची तार ग्राउंडच्या बाजूला सोल्डरच झालेली नव्हती. तांबं कोरायच्या फेरिक क्लोराइडने 0.3 मि.मी.च्या फटीच्या कडाही कुरतडलेल्या, म्हणून पुढचा बोर्ड बाहेरून करून घेतला. तूही तसंच कर.

तारा जोडून झाल्या की मल्टीमीटर घे आणि एकेक चौकोन ग्राउंडशी तपास. बीप वाजेल. शॉर्ट झालं म्हणून घाबरू नकोस, तो वाजायलाच हवा. फटींमुळे चौकोन एकमेकांपासून सुटे असतात, म्हणून एकाचा वाजला तरी बाकीचे तपासायचेच.