रिमॅपच्या आधी पाइप तपास

रिमॅपची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलण्याची, एवढी घाई करू नकोस रे. चढावर गाडी दम टाकते, ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स आवाज येतो म्हणतोस, म्हणजे आधी हवेची गळती शोध. इंजिन गार असताना टर्बोच्या पंख्याने दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे रबरी पाइप चाचप, क्लॅम्पखाली बोट फिरव. तेलकट ओल लागली तर बहुधा तिथेच. माझ्या गाडीतली केसाएवढी चीर दोन महिने सापडत नव्हती. शेवटी बंद इंजिनात कमी दाबाने हवा भरून साबणाचं पाणी शिंपडलं, तेव्हा बुडबुडे दिसले.

गळती तशीच ठेवून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलास तर टर्बो जास्त फिरून तापेल. स्पार्क प्लगही बघून घे. आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेल्या मॅपवर ९१चं पेट्रोल अजिबात नको, नॉकिंगने (पेट्रोल अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टन जाऊ शकतो. लॉग (चालत्या इंजिनच्या नोंदी) काढलास की पाठव, बघतो.