तीच किक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचलं. व्हिडिओ आधी जोडला होतास, म्हणून तो आधी पाहिला आणि मग बरेचदा पाहिला. तू लिहितोस, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शेवटची किक चुकली, परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही, बाबा म्हणतात हा आपला खेळच नव्हे, आणि कॉलेजचा कोच ये म्हणतोय पण स्कॉलरशिप नाही. चार वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यास आणि आता ते उचलत नाही म्हणतोस. आधी किक घेऊ. बाकीचं तिच्यामागून येईल.

त्याच सामन्यात तू दोन एक्स्ट्रा पॉइंट (जादा गुणाच्या जवळच्या किक) मारलेस, प्रत्येकी २० यार्डांचे. दोन्ही वेळा चेंडूच्या जागेपासून तीन पावलं मागे, दोन पावलं बाजूला, शांत. शेवटच्या, ४१ यार्डांच्या किकच्या वेळी तू मागे टाकलीस ती पावलं नव्हती, ढांगा होत्या. लांबून यायचं म्हणून घाईने निघालास, आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला न पडता पुढे पडला, मारणारा पाय अजून खाली उतरत असतानाच चेंडूला लागला, चेंडू बुटका निघाला आणि समोरच्या संघाच्या लाइनमनच्या हातावर आदळला. स्नॅप, म्हणजे किकसाठी मागे फेकलेला चेंडू, चांगला होता. तो जमिनीवर धरणाऱ्या होल्डरने चेंडूची नाडी गोलपोस्टकडे फिरवली होती. वारा नव्हता. तुझ्या पायात जोर कमी आहे असं तू लिहिलंस ते साफ चूक आहे. ४१ यार्ड दिसल्यावर तू वेगळी किक मारलीस, एवढंच झालं.

किक एकच असते. वीस यार्डांना तीच आणि पन्नास यार्डांना तीच. अंतर बदलतं, किक बदलत नाही. हे वाक्य या पत्रात पुन्हा येणार आहे, कंटाळू नकोस.

आता ती एक किक कशी, ते नीट लिहितो. तीन मागे, दोन बाजूला. पावलं चालण्याइतकीच, आणि ती एकदा टेपने मोजून इंचात वहीत लिही. डोळा चेंडूच्या जागेवर. होल्डरच्या हातात चेंडू आला की निघायचं, त्याआधी नाही. आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला सहा ते आठ इंचांवर, बोटं गोलपोस्टकडे. फार जवळ पडला तर कंबर अडकते आणि पाय मोकळा फिरत नाही. फार लांब पडला तर अंग कलतं आणि चेंडू गाठायला पाय ताणावा लागतो. मागे पडला तर चेंडू उंच जातो पण तोकडा राहतो. पुढे पडला तर काय होतं ते तू शुक्रवारी पाहिलंस. घोटा ताठ, बोटं खाली, आणि चेंडूला लागायचं ते पावलाच्या वरचं आतल्या बाजूचं हाड, बुटाची नाडी बांधतोस त्याच्या जरा आत. मान खाली. चेंडू गेला की नाही हे प्रेक्षक सांगतील, तू बघायची गरज नाही.

स्नॅपपासून चेंडूला पाय लागेपर्यंत सुमारे १.३ सेकंद मिळतात. तेवढ्यात विचार करता येत नाही, म्हणून विचार आधीच संपलेला असावा लागतो.

आणि चेंडूखालचा तो ठोकळा. शाळेच्या सामन्यात फील्ड गोलला, म्हणजे गुणासाठी गोलपोस्टमधून मारायच्या किकला, दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो म्हणून तू तो वापरतोस. कॉलेजात तो १९८९ पासून बंद आहे. ठोकळ्यावर चेंडू उंच असतो, पाय त्याच्याखाली सहज जातो. तीच सवय घेऊन जमिनीवर आलास की पाय चेंडूच्या मध्यावर बसेल आणि प्रत्येक किक बुटकी निघेल. आजपासून सरावात ठोकळा नाही. सामन्यातही नको. पुढचे दोन-तीन सामने यार्ड कमी पडतील, पडू देत. कोच विचारेल, तेव्हा कारण सांग. तुझ्या शाळेच्या गोलपोस्टची रुंदी २३ फूट ४ इंच आहे. कॉलेजात आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १८ फूट ६ इंच. जवळजवळ पाच फूट तोंड आवळतं. तेव्हा दोन खांबांच्या मध्ये नेम धरू नकोस. मागचं एक झाड, दिव्याचा खांब, काहीतरी बारीक निवड आणि त्यावर मार.

सराव मोजून. शुक्रवारी सामना असेल तर सोमवारी तीस पूर्ण किक, बुधवारी वीस, गुरुवारी आठ-दहा. मंगळवारी पायाला सुट्टी. सामना नसलेल्या आठवड्यातही एका सत्रात चाळीसच्या वर जायचं नाही. तू रोज शंभर मारतोस हे तू अभिमानाने लिहिलंस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. साठाव्या किकनंतर पाय थकतो, थकलेला पाय वेगळा फिरतो, आणि तू उरलेल्या चाळीस किकमध्ये चुकीची किक पाठ करतोस. जांघेचा स्नायू दुखावला तर हंगाम गेलाच. प्रत्येक किकची वहीत एक ओळ: अंतर, डावी बाजू की उजवी, वारा, कुठे गेली. पन्नास यार्डांची हौस असेल तर सत्राच्या शेवटी तीन मार, त्याच पावलांनी. पोचली नाही तर नाही पोचली.

मी पोरांच्या किकची लांबी मारतो अशी तक्रार माझ्याबद्दल आहे, तुझ्याही कानावर आली असेल. पंचावन्न यार्डांचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना चाहते मिळतात आणि माझी पोरं पस्तीस यार्डांवर घासत बसतात, हे खरं आहे. पण कोच सामना हातात देतो तो चाळिसाच्या आतली किक डोळे मिटून होईल अशा मुलाच्या. लांबी वयाने आणि ताकदीने येते. सारखेपणा आपोआप येत नाही. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून आवाज चढतो. तो मी खाली आणणार नाही.

आता बाबांचं म्हणणं. ‘आपला खेळ नव्हे.’ त्यांना सांग, किकरची, म्हणजे किक मारणाऱ्याची, ही जागा बाहेरून आलेल्यांनीच घडवली आहे. चेंडूला तिरकं धावत येऊन पावलाच्या वरच्या बाजूने मारणं, जे तू नाशिकच्या मैदानावर फुटबॉल खेळताना शिकलास, ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये १९६४ साली पीट गोगोलाकने आणलं. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर पळून आलेल्या कुटुंबातला मुलगा. तोवर सगळे सरळ धावत बुटाच्या टोकाने मारत. यान स्टेनरुड नॉर्वेहून आला तो स्की जंपिंगच्या स्कॉलरशिपवर, मोंटाना स्टेटमध्ये. पुढे या खेळातल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. मॉर्टन अँडरसन डेन्मार्कमधून १९७७ मध्ये एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून इंडियानापोलिसच्या शाळेत आला, आणि एनएफएलमध्ये पंचवीस हंगाम खेळला, २,५४४ गुण. पाहुणा म्हणून आलेला मुलगा पंचवीस वर्षं कसा टिकला, याचं माझं उत्तर तुला आता ठाऊक आहे.

पण तुझ्यासाठी खरा धडा म्हणजे किकर यंगहो कू. सोलमध्ये जन्म, सहावीत न्यू जर्सीत आला, इंग्रजी जेमतेम. शाळा रिजवूडची, कॉलेज जॉर्जिया सदर्न, शेवटच्या हंगामात वीसपैकी एकोणीस. २०१७ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, कोणी घेतलं नाही, तरी चार्जर्सच्या संघात जागा मिळवली. पहिल्याच सामन्यात बरोबरी करून देणारी ४४ यार्डांची किक समोरच्यांनी अडवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेवटच्या क्षणी ४४ यार्ड, ती चुकली. चार सामने, सहापैकी तीन, आणि ऑक्टोबरात काढून टाकलं. पुढचं वर्षभर कुठलाच संघ नाही. २०१९ मध्ये एका नव्या छोट्या लीगमध्ये चौदापैकी चौदा, त्याच वर्षी अटलांटा फाल्कन्स, आणि २०२० मध्ये एकोणचाळीसपैकी सदतीस. प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत, नाव. २०२२ मध्ये पाच वर्षांचा २ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरचा करार.

बाबांना एवढंच सांगून थांबू नकोस, पुढचंही सांग. २०२५ च्या सप्टेंबरात फाल्कन्सनीही त्याला सोडलं. हा धंदा असाच आहे. बत्तीस संघ, बहुतेकांकडे एकच किकर. करारावरचा मोठा आकडा बहुतांशी हमीचा नसतो. २०२५ मध्ये नवख्याचं किमान वेतन वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर, पण ते आठवड्याने मिळतं. आठवडा संपला आणि नाव यादीतून गेलं की पगार थांबला. त्याच वर्षी सराव संघात आठवड्याला किमान १३ हजार डॉलर होते. पेन्शनसाठी तीन हंगाम धरले जावे लागतात. बाबा घाबरतात ते चुकीचं नाही. त्यांच्यासमोर खोटी खात्री ठेवू नकोस, पदवीचा आराखडा ठेव.

आणि कागद. इथे तू निष्काळजी आहेस आणि मला राग येतो तो इथेच. कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था एनसीएए नववी ते बारावीचे गुण पाहते. तुझी नववी नाशिकला झाली. ती मूळ गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह मागव, आत्याला आजच फोन कर. डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांसाठी सोळा मुख्य विषय लागतात, त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी, आणि २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. तुझ्या शाळेच्या समुपदेशकाकडे बसून एकेक विषय मोज. तोंडी ‘सगळं ठीक आहे’ चालणार नाही.

तू एच-४ वर, म्हणजे पालकाच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहेस. एकविसाव्या वाढदिवसाला ते संपतं, आणि तुझा तो वाढदिवस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येतो, बहुधा ऐन हंगामात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसात बदलण्याचा अर्ज महिनोन्महिने चालतो, म्हणून विसावा वाढदिवस झाला की वकिलाकडे जायचं. एफ-१ झाल्यावर दर सत्राला बारा क्रेडिट पूर्ण हवेत. सराव जड जातोय म्हणून एक विषय सोडलास तर खेळही जाईल आणि राहण्याचा हक्कही. आणि कुणी तुझ्या नावावर टीशर्ट विकून पैसे देऊ केले, तर हात लावू नकोस. २०२१ पासून इतर मुलं असे पैसे घेतात, उघड घेतात. तुझ्या व्हिसावर ते बेकायदा काम ठरू शकतं. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय कशावरही सही नाही, दोनशे डॉलर असले तरी. अन्याय वाटेल. वाटू दे, पण सही नाही.

स्कॉलरशिप नाही म्हणून अपमान झाला असं समजू नकोस. बहुतेक किकर स्कॉलरशिपशिवायच आत येतात. पण कोचला पुढचं विचार, आणि उत्तर ईमेलवर घे. तुमच्याकडे किती किकर आहेत, आणि सध्याचा कोणत्या वर्षाला आहे? किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, वेगळा मुलगा मारतो का? तुमच्या कॉलेजला १०५ खेळाडूंची मर्यादा लागू आहे का, आणि असेल तर त्यात माझं नाव धरलंय का? २०२५ पासून ज्या कॉलेजांनी ही मर्यादा स्वीकारली, तिथे स्कॉलरशिप नसलेली मुलंच आधी बाहेर पडतात. शिवाय एच-४ वरच्या मुलाला राज्यातल्या विद्यार्थ्याची फी लागते का ते फी कार्यालयाला विचार. हा फरक वर्षाला हजारो डॉलरचा असतो. फी परवडत असेल, तिथला किकर दोन वर्षांत बाहेर पडत असेल आणि तुला हवा तो विषय तिथे असेल, तर जा. तिन्हीपैकी एक नसेल तर जाऊ नकोस, कोच कितीही गोड बोलला तरी.

बसमधल्या शांततेचं राहिलं. पन्नास जणांशी बोलायला जाऊ नकोस. दोघांशी बोल, स्नॅप टाकणारा स्नॅपर आणि होल्डर. सराव संपल्यावर त्यांना वीस मिनिटं थांबव, त्यांना घरी जेवायला बोलाव, आईच्या हातचं खाऊ घाल. होल्डरला सांग की चेंडू रोज तेवढाच कलता हवा. स्नॅप बिघडला की ‘फायर’ कोण ओरडणार आणि मग कोण कुठे धावणार, हे तिघांनी पाठ करा. तुम्ही तिघं सारखे झालात की किक सारखी होते. गॅरी अँडरसन, दक्षिण आफ्रिकेतून आलेला, १९९८ च्या अख्ख्या नियमित हंगामात पस्तीसपैकी पस्तीस. मग सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, दारातल्या सामन्यात चाळीस यार्डांच्या आतली एक चुकली आणि संघ हरला. त्यानंतर तो आणखी सहा हंगाम खेळला. ती किक चुकली म्हणून त्याने दुसरी शोधली नाही.

बुधवारी वीस किक, ठोकळ्याशिवाय, ३० यार्डांच्या पुढे नाही. फोन दोन ठिकाणी लाव, एक मागे आणि एक बाजूला, म्हणजे आधाराचा पाय दिसेल. वीसच्या वीस पाठव, चुकलेल्या कापू नकोस. आणि टेपने मोजलेल्या पावलांचे इंच वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्या पानाचा फोटोही पाठव.

तुझा
काका