पाच दिवसांची नंबरप्लेट

सप्टेंबरात बायको आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला येताय, जुन्या गाड्या हॅम्बुर्गकडे स्वस्त दिसतायत, तर तिकडे एखादी घेऊन साडेसहाशे किलोमीटर घरी कशी आणायची, असं विचारलंत. पुढे हेही लिहिलंत की गाडी असली की बायको-मुलाला कोंडल्यासारखं होणार नाही. त्याकडे शेवटी येतो. व्हिसा, ब्लू कार्ड हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते सोडतो.

आधी आपल्याकडची पद्धत डोक्यातून काढा. तिकडे फॉर्म २९-३० वर सह्या झाल्या की त्याच एमएच-१२ नंबरवर गाडी घरी येते, ट्रान्सफर मागाहून होत राहतं. इथे बरेचसे विकणारे गाडी हातातून जायच्या आधी तिची नोंदणी रद्द करून टाकतात, म्हणजे आब्मेल्डेन. कारण सरळ आहे: प्लेट चालू ठेवून दिली आणि वाटेत तुम्ही ठोकलीत, तर क्लेम त्यांच्या विम्यावर जातो. त्यामुळे बहुतेक वेळा तुमच्यासमोर उभी असते ती बिनप्लेटची गाडी, आणि ती रस्त्यावर नुसती उभी करायलाही परवानगी नाही.

यावरचा उपाय म्हणजे कुर्त्सत्साइट-केन्त्साइखेन, अल्पमुदतीची प्लेट. मिळाल्याच्या दिवसासकट पाच दिवस. नंबर ०३ किंवा ०४ ने सुरू होतो, उजवीकडे पिवळी पट्टी असते आणि तिच्यावर दिवस, महिना, वर्ष एकाखाली एक छापलेले असतात. त्या तारखेच्या मध्यरात्री विमाही संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवलीत तर ते बिनविम्याचं चालवणं, आणि इथे तो फौजदारी मामला आहे. या प्लेटवर गाडी घरी आणता येते किंवा चालवून बघता येते. वाटेत मित्राकडे दोन दिवस मुक्काम, आयकियाची चक्कर, यांतलं काही बसत नाही.

प्लेट तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या त्सुलासुंग्सष्टेलमध्ये (इथलं आरटीओ समजा) मिळते किंवा गाडी जिथे उभी आहे तिथल्या. घरच्याच ऑफिसातून आधी काढून ट्रेनने बॅगेत घेऊन जाणं बरं. परगावच्या ऑफिसात अपॉइंटमेंट, शनिवार-रविवार बंद, यात दोन दिवस सहज जातात. त्यासाठी विकणाऱ्याकडून गाडीच्या नोंदणीच्या दोन्ही कागदांच्या स्वच्छ प्रती मागवा: शाइन म्हणजे भाग १ आणि ब्रीफ म्हणजे भाग २. प्रतींवर काम होतं की मूळ कागदच लागतात, हे आपल्या ऑफिसला ईमेल करून लेखी घ्या. काउंटरवरचा माणूस बदलला की उत्तरही बदलतं.

सोबत ईव्हीबी लागतो, म्हणजे विमा कंपनीने दिलेला सात अक्षरी कोड. नवे लोक इथेच अडकतात: नेहमीच्या नोंदणीचा कोड घेऊन जातात. अल्पमुदतीच्या प्लेटसाठीचा वेगळा मागावा लागतो. खर्च कंपनीगणिक साधारण ५० ते १५० युरो. पुढे त्याच कंपनीचा वर्षाचा विमा घेतलात तर काही कंपन्या ते पैसे वळते करतात. त्यात बहुधा फक्त थर्ड पार्टी असतं, स्वतःच्या गाडीचं नुकसान नाही. ऑफिसने नंबर दिला की शेजारच्या दुकानात दोन प्लेटा ठोकून घ्यायच्या, परत येऊन शिक्का लावून घ्यायचा.

गाडीची तांत्रिक तपासणी (एचयू; सगळे ट्यूफ म्हणतात) चालू हवी. ती संपलेली असेल तर या प्लेटवर फक्त प्लेट देणाऱ्या ऑफिसच्या जिल्ह्यातल्या किंवा लगतच्या जिल्ह्यातल्या तपासणी केंद्रापर्यंत जाता येतं, स्टुटगार्टपर्यंत नाही. म्हणून 'ट्यूफ नवी करून देतो' म्हणणाऱ्याकडून आधी रिपोर्ट मागा.

आणि सगळ्यात मोठी गोम: पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून सोबत पत्त्याच्या नोंदणीचा दाखला लागतो. ती नोंदणी घरमालकाने सही करून दिलेल्या फॉर्मवर होते. सुरुवातीच्या तात्पुरत्या फ्लॅटचे मालक पुष्कळदा ती सही देत नाहीत. मग प्लेट राहिली बाजूला, पगाराचा टॅक्स नंबरसुद्धा अडतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण काउंटरवर त्याचा उपयोग शून्य.

व्यवहाराच्या वेळी विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातला १७ अक्षरी नंबर ब्रीफवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. मूळ ब्रीफ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. 'बँकेत आहे, पोस्टाने पाठवतो' म्हणजे गाडीवर कर्ज आहे. करारावर तारखेसोबत ताबा दिल्याची वेळही घाला. दंडाची पावती कोणाच्या नावाची, हे त्यावर ठरतं. गाडीत त्रिकोण, फर्स्ट एड पेटी आणि चमकतं जाकीट हवंच. तुमचं भारतीय लायसन्स, जर्मन भाषांतरासह, इथे राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

रेसिडेन्स कार्ड मिळून त्याचं ऑनलाइन ओळख पटवायचं फंक्शन चालू झालं असेल तर एक जास्त सोयीची वाट आहे. सप्टेंबर २०२३ पासून फोनवरून कायमची नोंदणी करून लगेच, शिक्क्याशिवाय, दहा दिवसांपर्यंत चालवता येतं. राखून ठेवलेल्या नंबरच्या प्लेटा आधीच बनवून न्यायच्या, विकणाऱ्याच्या टेबलावर कागदांवरचे छुपे कोड खरवडायचे आणि मंजुरीचा कागद छापून काचेत ठेवायचा. ब्रीफवर हा कोड २०१८ पासून आहे. त्याआधीपासून एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला म्हणून ही वाट बंद.

आता कोंडल्यासारखं होण्याबद्दल. होतं. गाडीने जात नाही. पुढे.

मुलाचं मात्र थांबून बघा. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये चौथीनंतर मुलं निरनिराळ्या पातळीच्या शाळांत वाटली जातात आणि शिफारशीचा कागद चौथीच्या मध्यालाच हातात पडतो. गणितात पुढे असलेलं मूल जर्मन वाक्य पुरं करता येत नाही म्हणून खालच्या रांगेत जातं. आमच्या घरात तो कागद अजून सलतो, आणि तुमचा प्रश्न गाडीचा असूनही मी इतकं लिहीत बसलोय ते बहुधा त्यामुळेच. नऊ वर्षांचा म्हणजे तो बहुधा चौथीतच बसेल. तिसरीत बसवता येईल का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. 'हुशार आहे, मागे कशाला' म्हणणारे इथल्या मराठी मंडळातले काका तेव्हा पुष्कळ भेटतील, नंतर एकही नाही. पहिले दोन महिने त्या शाळेला आणि पत्त्याच्या नोंदणीला द्या, ट्रामने फिरा.

गाडी नोव्हेंबरातही मिळते. तेव्हा घ्याल तर टायरवर तीन शिखरं आणि बर्फाची चांदणी असलेली खूण आहे ना, ते बघा. नुसत्या एम प्लस एस खुणेचे टायर ऑक्टोबर २०२४ पासून बर्फात चालत नाहीत, आणि विकणारे नेमके तेच लावून गाडी काढतात.