'चित्रं लई भारी' याच्या पुढं काय लिहायचं?

प्रश्न : ताई, मी परभणीचा, कॉलेजला आहे. कॉमिक्सचा नवीन अंक हातात पडला की कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी परीक्षण लिहायलोय, पण दरवेळी 'स्टोरी ठीक, चित्रं लई भारी' याच्या पुढं गाडीच जात नाही. काय बघायचं नेमकं?

उत्तर : भाऊ, स्टोरी अन् चित्रं अशी वाटणी केल्यामुळंच गाडी अडायली. अंक आधी संवादाचे फुगे न वाचता नुसता चाळा. कोण कुणावर चिडलंय, जागा कधी बदलली, रात्र झाली का, हे चित्रांवरूनच कळलं तर चित्रकार पास. मग शब्दांसकट वाचा. माणूस लाथेनं दार उघडताना काढलाय आणि वरच्या पट्टीत 'त्यानं रागानं दार उघडलं' असंही छापलंय, तर लेखकाचा चित्रकारावर भरवसा नाही, हे पान नंबर देऊन लिहा.

पानाची मांडणी बघाच. 'वॉचमेन' (1986-87) या कॉमिक्समध्ये चित्रकार डेव्ह गिबन्सनं बरीचशी पानं नऊ चौकटींच्या ठरलेल्या मांडणीवर बसवलीत, म्हणून जिथं चौकट अचानक मोठी होते तिथं आपण थबकतो. अमेरिकन मासिक अंकात गोष्टीला साधारण 20-22 पानंच मिळतात, त्यातली दोन एकाच चित्राला दिली तर ते चित्र तेवढ्या जागेच्या लायकीचं होतं का, हे तुम्हीच सांगायचं.

अनुवादित अंकात अक्षरांवर लई अन्याय होतो, आणि मला याचा खरंच राग येतो. इंग्रजीच्या मापाच्या फुग्यात मराठी वाक्य कोंबतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, वाचणारा अडखळतो आणि बोल बसतो चित्रकाराला. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं ही कामं बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करतात, अंकात नावं असतात, ती बघून ज्याचं श्रेय त्याला द्या.

आणि जमलं तर वेरूळला जाऊन या. कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे प्रसंग ओळीओळींनी कोरलेत, तिथं उभं राहून बघा की कोणता क्षण घेतला अन् मधलं काय गाळलं. दोन चौकटींच्या मधल्या जागेबद्दल अंक वाचतानाही हेच विचारा.

मालिकेतला मधलाच अंक असेल तर नव्या माणसाला तो कळतो का, तेवढं मात्र पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, भित्तिपत्रक वाचणाऱ्याला आधी तेच पाहिजे असतं.