दगडी भुंग्याचं कोरं पोट

प्रश्न : धाकटे दीर इजिप्तला जाऊन आले. लक्सरच्या बाजारातून त्यांनी मला जांभळ्या दगडाचा, वालाच्या दाण्याएवढा भुंगा आणला. लांबीत आरपार भोक आहे, पण पोटावर काहीच कोरलेलं नाही, म्हणून आमचे सराफ त्याला नकली म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, थडग्यातली वस्तू गळ्यात नको. काय करू?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, सराफांचं कारण पटत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये असे दगडी भुंगे घडवत. पोटावर चित्रलिपी असते ती त्यांतल्या बहुतेक शंखजिऱ्याच्या भुंग्यांवर. तो दगड नखानंही ओरखडतो. कोरून, झिलई देऊन भाजला की टणक होतो. जांभळा जमुनिया (ॲमेथिस्ट) मात्र पोलादी चाकूलाही दाद देत नाही. सुमारे 4000 वर्षांपूर्वी तो आस्वानजवळ वादी अल-हुदीच्या खाणीतून काढत, तेव्हा कारागिराच्या हाती होती तांब्याची हत्यारं आणि वाळू. त्यामुळे जमुनियाच्या अस्सल भुंग्यांचं पोटही बरेचदा कोरंच सापडतं. काहींना खालून सोन्याचा पत्रा बसवत.

भिंग घेऊन भोकात बघा. जुने कारागीर दोन्ही टोकांकडून भोकं पाडत यायचे, मधे ती एकमेकांना जराशी चुकायची. नळीसारखं सरळ असेल तर यंत्राचं समजा. तसंही 1983 च्या कायद्यानं इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार बंद आहे. बाजारात उघड मिळालेला भुंगा आजचाच धरा; दिरांचंही त्यातच भलं आहे!

थडग्यातला खास भुंगा चांगला मोठा, ममीच्या छातीवर ठेवायचा. त्यावर मंत्र असे : हृदया, निवाड्याच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. (स्वतःच्याच काळजाची एवढी धास्ती!) लहान भुंगे जिवंत माणसंही वापरायची, ताईत म्हणून, अंगठीत बसवून, शिक्का मारायला.

मूळ किडा सासूबाईंनी पाहिलेला असणार. पावसाळ्यात नान्नजच्या माळावर डोकं खाली घालून, मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत जातो, त्याचाच हा इजिप्तमधला भाऊबंद. सूर्यालाही असंच कुणीतरी ढकलत नेतं, असं तिथल्या लोकांना वाटलं. उगवत्या सूर्याचा त्यांचा देव खेप्री. चित्रांत त्याच्या तोंडाच्या जागी अख्खा भुंगाच असतो.

तेव्हा खुशाल घाला. फक्त आपल्या सोलापुरी उन्हात खिडकीत ठेवू नका, जमुनियाचा रंग विटतो. दगड खरा जमुनिया की रंगीत काच, एवढं मात्र सराफांना जरूर विचारा. ते त्यांचं काम.